एडिटरने न विचारता सेव्ह करावं का? आणि न विचारता बफर ताजा करावा का?

अर्धाकप
नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, पण इथे निम्मे लोक दिवसभर एडिटरसमोरच बसलेले असतात, म्हणून इथेच विचारतो.

आमची आठ जणांची टीम. पाच जण ईमॅक्सवर (हो, अजून असतात अशी माणसं), दोघं व्हीएस कोडवर आणि एक व्हिमवाली. नव्या मुलांना पहिल्या दिवशी जी सेटिंग्जची फाइल देतो, ती सांभाळायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. तिच्यातल्या दोन ओळींवर अडलोय.

पहिली सेव्हची. मॅगिटमधून (ईमॅक्समधून गिट चालवायची सोय; गिट म्हणजे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) गिटचं काही करायला गेलं की सेव्ह न केलेल्या फायलींचं काय करायचं? मूळ सेटिंग आहे 'प्रत्येकीचं विचार'. ते बदलून 'न विचारता कर' किंवा 'हातच लावू नकोस' असं करता येतं.

दुसरी ओळ ताजं करण्याची. पुल केलं (इतरांचे बदल आपल्याकडे ओढून घेतले) किंवा ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलली आणि डिस्कवरची फाइल बदलली, तर उघडा बफर आपोआप नवा व्हावा का? आमच्या जुन्या फाइलमध्ये हे कोणीतरी बंद करून ठेवलंय. का, ते सांगायला तो माणूस आता कंपनीत नाही.

प्रश्न पडला तो पंधरा दिवसांत झालेल्या दोन घोळांमुळे.

एकाने शुक्रवारी संध्याकाळी दोन फायलींत बदल केला. एक सेव्ह केली, दुसरी राहिली. मॅगिटने विचारलं असणार, याने घाईत एन दाबलं असणार. कमिट (गिटमध्ये नोंद), पुश (ती सर्व्हरवर पाठवणं), घर. सर्व्हरवर टेस्ट लाल. सोमवारी सकाळी अर्धा तास "अरे पण माझ्याकडे दिसतेय ना ती ओळ!" चाललं होतं. दिसत होतीच. बफरमध्ये.

दुसरा घोळ याच्या उलटा. एकीने टर्मिनलमधून पुल केलं, एडिटरमध्ये कालचीच फाइल उघडी. तिने एक स्पेलिंग सुधारलं आणि सेव्ह केलं. पहिलं अक्षर टाइप करतानाच ईमॅक्सने विचारलं, फाइल डिस्कवर बदललीये, खरंच यात लिहायचंय? हिने वाय दाबलं. सेव्ह करताना पुन्हा विचारलं. तिथे तर पूर्ण 'यस' टाइप करून एंटर मारावा लागतो. तेही मारलं. दुसऱ्याच्या चाळीस ओळी गेल्या, आणि कमिटवर नाव हिचं.

तर, काय ठेवू?

खिडकीजवळ
दर दोन शब्दांनी कंट्रोल-एस. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

सुपारीफोड
तुमच्या दोन्ही घोळांत एडिटरने विचारलं होतं आणि माणसाने न वाचता उत्तर दिलं होतं. मग आणखी विचारून काय होणार? प्रश्न आला की हात आपोआप वायवर जातो. बँकेच्या फॉर्मवर 'अटी मान्य' म्हणतो तसं. दोन्ही 'न विचारता' करून टाका.

मी व्हीएस कोडवर आहे. तिथे ऑटोसेव्ह मुळात बंद असतं. मी पहिल्या दिवशी चालू केलं, हजार मिलिसेकंदांवर. सेव्ह हा शब्दच विसरलोय.

प्राजक्ता_स
मी टीममधली 'व्हिमवाली' नव्हे, पण व्हिमवाली आहे. :)

गंमत म्हणजे ताजं करण्याच्या बाबतीत आमच्याच घरात दोन मतं आहेत. व्हिममध्ये ऑटोरीड मुळात बंद. निओव्हिमने तेच मुळात चालू ठेवलं. एकच वंश, एकच पर्याय, निर्णय उलटे.

आणि चालू केलं तरी टर्मिनलमधलं व्हिम नुसतं बसून असेल तर त्याला फाइल बदलल्याचं कळेलच असं नाही. बाहेरची आज्ञा चालवली, खिडकीवर परत आलात, असं काही घडलं की मग ते बघतं. मी चेकटाइम, म्हणजे 'फाइल बदललीये का बघ' ही आज्ञा, बांधून ठेवलंय.

गोदाकाठ
बफर म्हणजे नक्की काय? मी कॉमर्सची, नवऱ्याच्या खांद्यावरून वाचतेय.

वैनगंगा
@गोदाकाठ, फाइल कपाटात आहे. तुम्ही लिहायला बसता तेव्हा तिची नक्कल टेबलावर घेता, ती नक्कल म्हणजे बफर. सेव्ह म्हणजे नक्कल कपाटातल्या कागदावर उतरवणं. आणि 'ताजं करणं' म्हणजे मधल्या वेळात कोणी कपाटातला कागद बदलला असेल तर टेबलावरची नक्कल फेकून नवी काढणं.

आता धाग्याबद्दल. @सुपारीफोड, 'दोन्ही न विचारता' हे दिसतं तितकं सोपं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आपोआप ताजं करणं सुरक्षित का मानतात? कारण टेबलावरच्या नकलेत सेव्ह न केलेला बदल असेल तर ईमॅक्स ती आपणहून बदलतच नाही. आणि सेव्ह केलेलं असेल तर ते गिटच्या दृष्टीने कमिट न झालेले बदल. ब्रँच बदलताना ते चिरडले जाणार असतील तर गिट अडवतं. म्हणजे दारावर दोन राखणदार आहेत. एक झोपला तर दुसरा.

आता यात दर पाच सेकंदांनी खऱ्या फाइलवर सेव्ह करणारी सोय घाला. ईमॅक्समध्ये २६.१ पासून ऑटो-सेव्ह-व्हिजिटेड-मोड आहे, तो हेच करतो. नक्कल कायम 'स्वच्छ'. म्हणजे पहिला राखणदार कायमचा घरी पाठवला. आणि दुसरा? टर्मिनलमध्ये गिट रिसेट हार्ड (कमिट न झालेले बदल टाकून दे) मारलं की तो सलाम करून बाजूला होतो. त्याला तुम्हीच तसं सांगितलंय. डिस्क जुनी झाली, पाच सेकंदांत बफरही जुना झाला. ऑटोसेव्ह नसतं तर न सेव्ह केलेलं काम निदान टेबलावर राहिलं असतं.

ऑटोसेव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. स्टेटस बारवरचा 'सेव्ह झालेलं नाही'चा ठिपका लोकांना कटकट वाटतो, पण कुलूप तोच आहे.

रात्रपाळी
वैनगंगा, अनुमोदन. फक्त एक. जेटब्रेन्सवाले (इंटेलिजे वगैरे एडिटर बनवणारे) हेच दोन्ही मुळातच चालू ठेवतात: खिडकीतून बाहेर गेलात की सेव्ह, परत आलात की डिस्कशी जुळवणी. लाखो लोक वापरतात, आकाश कोसळलेलं नाही. कारण त्यांनी कुलूप काढलं तेव्हा मागे तिजोरी बसवली, लोकल हिस्टरी. गिट असो नसो, पाच दिवसांचे बदल वेगळे राहतात. गिटने उडवलं तरी उजवी क्लिक करून परत आणता येतं.

(तिजोरीलाही भोक आहे. कॅशे साफ करताना लोकल हिस्टरीही पुसण्याची खूण केलीत तर ती जाते. मी केलीये. विचारू नका.)

सुपारीफोड
विचारतोय. सांगा.

रात्रपाळी
नाही.

खिळेजुळारी
मी प्रोग्रामर नाही. तीस वर्षं डीटीपी करतो, आधी पेजमेकर, नंतर बाकीचं. पण सेव्हवर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आमच्याकडे लोडशेडिंगचे दिवस होते तेव्हा दिवसाला कित्येक तास वीज नसायची. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं, पण वीज ते वाचत नव्हती. यूपीएस 'टीं टीं' करायला लागला की आठ मिनिटं. बॅटरी जुनी झाली की तीन. तेव्हापासून माझा डावा करंगळी-अंगठा कायम कंट्रोलवर. आज लॅपटॉपला पाच तासांची बॅटरी आहे, तरी वाक्य संपलं की हात दाबतोच. मोबाइलवर मेसेज लिहितानाही करंगळी हलते, बायको हसते.

पण त्याच सवयीने एकदा मला बुडवलंही. एका दिवाळी अंकाच्या ऐंशी पानांची फाइल. संपादक म्हणाले, नुसतं बघायला हा मजकूर दोन कॉलममध्ये करून दाखवा. दाखवला. नको म्हणाले. तोवर माझी करंगळी चालून गेली होती. अंडू मोजकंच. रात्रभर बसून परत एक कॉलम केला. तेव्हा कळलं, 'सेव्ह' म्हणजे 'वाचवणे' असं शाळेत शिकलो, पण आधीचं पुसणं पण त्यातच येतं.

खिडकीजवळ
खिळेजुळारी काका, माझी पहिली कॉमेंट मागे घेतो.

जुनापुराणा
या 'ताजं करण्या'चं मूळ कुठे आहे ते सांगतो, म्हाताऱ्याला सोसा.

गिटच्या फार आधी आरसीएस होतं, वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं. तिथे फाइल जमा करायची आज्ञा, सीआय, चालवली की तुमची कामाची फाइल फोल्डरमधून चक्क नाहीशी व्हायची! जमा केली ना, मग हातात कशाला? पुन्हा हवी तर सीओ करून घ्या. नुसती घेतलीत तर वाचण्यापुरती. लिहायची असेल तर कुलपासकट मागायची. दुसऱ्याने कुलूप लावलं असेल तर त्याच्या टेबलापर्यंत चालत जायचं. हो, चालत.

आणि फाइल परत यायची तेव्हा ती तुम्ही दिलेलीच नसायची. डॉलर आयडी डॉलर असं लिहिलेलं असलं तर त्या जागी आवृत्ती क्रमांक, तारीख, लेखक भरून यायचं. म्हणजे कमिट केल्याक्षणी एडिटरमधला मजकूर शिळा! म्हणून ईमॅक्समध्ये १९९०च्या दशकात व्हीसी (आवृत्त्या सांभाळायची ईमॅक्सची स्वतःची सोय) आलं तेव्हा जमा केल्यावर बफर पुन्हा डिस्कवरून वाचून घेणं त्याला भागच होतं. ती कोणाची आवड नव्हती, नाइलाज होता.

गिट तुमच्या फाइलमध्ये आपणहून असं काही भरत नाही, त्यामुळे कमिटनंतर ताजं करण्याचं ते कारण उरलं नाही. पण ब्रँच बदलणं इतकं स्वस्त झालं की दुसरं कारण उभं राहिलं. आम्ही वर्षात एखादी ब्रँच काढायचो. आमचा नातू जेवणाआधी तीन काढतो.

अजून एक, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ईमॅक्स पहिल्यांदा सेव्ह करताना नावाच्या शेवटी तिल्डा (~) असलेली जुनी प्रत ठेवतं. पण फाइल गिटमध्ये असेल तर मुळात ठेवत नाही. समजूत अशी की गिट आहे ना. गिटला मात्र तुम्ही दिलेलंच माहीत. शेवटच्या कमिटनंतर सकाळपासून जे केलंत ते कोणाच्याच वहीत नाही. वैनगंगांच्या उदाहरणातला माणूस नेमका त्याच खड्ड्यात पडतो.

प्राजक्ता_स
जुनापुराणा, 'टेबलापर्यंत चालत जायचं' हे आमच्या मॅनेजरला दाखवते, परत आणेल.

मिसळ_तर्री_कमी
२०१७ मध्ये व्हीएस कोडच्या तक्रारींच्या यादीत गाजलेली एक तक्रार आठवतेय का कोणाला? एकाने तीन महिन्यांचं काम असलेला फोल्डर उघडला. कधीच कमिट नव्हतं. सोर्स कंट्रोलच्या पट्टीवर हजारो फायली 'बदललेल्या' दिसल्या, घाबरून त्याने 'सगळे बदल टाकून द्या' दाबलं. त्याला वाटलं, गिटचं जे काही आपोआप सुरू झालंय ते रद्द होईल. फायलीच पुसल्या गेल्या. तक्रारीत त्याने शिव्यांचा पाऊस पाडला होता, आणि खाली लोकांनी "बॅकअप कुठाय?" विचारून मीठ चोळलं.

मला त्या माणसाची बाजू थोडी पटते. 'बदल टाका' आणि 'फायली पुसा' हे गिटच्या डोक्यात एकच असेल, माणसाच्या डोक्यात नाही.

सुपारीफोड
बॅकअप नसणाऱ्याची बाजू पटणं म्हणजे हेल्मेट न घालणाऱ्याला खड्ड्याची नुकसानभरपाई. (दिवा घ्या.)

मिसळ_तर्री_कमी
पुण्यात राहत असाल तर हे वाक्य जपून.

रात्रपाळी
त्या तक्रारीनंतर इशारा कडक झाला, हे परत करता येणार नाही असं मोठ्या अक्षरात आलं. पुढे मार्च २०२२ च्या आवृत्तीत व्हीएस कोडमध्येही लोकल हिस्टरी आली. दर सेव्हला एक नोंद. म्हणजे सुपारीफोडचं एका सेकंदावरचं ऑटोसेव्ह आता तितकं धोक्याचं नाही. तो बेफिकीर आहे, पण नशीबवान बेफिकीर आहे.

सुपारीफोड
माझ्या पत्रिकेत लिहिलंय तसं.

शब्दपंगत
मी अनुवादक. ईमॅक्समध्ये मराठी लिहिते, गिटमध्ये ठेवते. (संपादकांना वर्डची फाइल पाठवते, त्यांना काही सांगत नाही.)

ऑटो-सेव्ह-व्हिजिटेड-मोडचा एक अनुभव. तो सेव्हच्या वेळी चालणारी सगळी कामंही चालवतो. माझ्याकडे सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापायचं काम लावलेलं होतं. तर व्हायचं असं: मी 'ती' लिहून स्पेस द्यायची, आणि पुढचा शब्द कोणता घ्यावा म्हणून छताकडे बघायची. अनुवादात छताकडेच जास्त बघतो. पाच सेकंद झाले की सेव्ह, आणि ओळीच्या टोकाची ती स्पेस गुल. शब्द सुचला की तो आधीच्याला चिकटून. 'तीम्हणाली', 'दारउघडून'. आठवडाभर मला वाटत होतं कीबोर्डचा स्पेसबार बिघडलाय. नवा कीबोर्ड आणला हो!

खिडकीजवळ
नव्या कीबोर्डने फरक पडला का?

शब्दपंगत
आवाज छान आहे.

वैनगंगा
शब्दपंगत, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. हाताने केलेलं सेव्ह म्हणजे 'इथवर एक विचार पूर्ण झाला' अशी खूण असते. फॉरमॅटर, टेस्ट, बिल्ड, सगळं त्या खुणेवर टांगलेलं. यंत्राने सेव्ह केलं की खूण अर्थ सोडते. व्हीएस कोडने हे ओळखलंय: काही वेळाने होणाऱ्या ऑटोसेव्हला तिथे फॉरमॅट-ऑन-सेव्ह चालतच नाही.

अर्धाकप
बापरे, एका दिवसात इतकं. सगळ्यांचे आभार. पण अजून ठरत नाहीये. सेव्हच्या बाबतीत 'न विचारता' केलं तर पहिला घोळ संपतो. त्यात वाईट काय? फक्त गिटचं काम करतानाच तर सेव्ह होणार, दर पाच सेकंदांनी नाही.

वैनगंगा
नाही, तिथेच फसगत आहे. मॅगिट ते सेव्ह कमिटपुरतंच करत नाही. नुसती स्टेटसची खिडकी उघडली किंवा ताजी केली तरी करतं. म्हणजे तुम्ही अर्धवट लिहिलेलं फंक्शन सोडून 'कुठवर आलोय' बघायला स्टेटस उघडलं, की कंस न मिटलेली फाइल डिस्कवर. मागे फायलींवर नजर ठेवणारा सर्व्हर चालू असेल तर तो लगेच ओरडणार.

सुपारीफोड
ओरडू दे की. कंस मिटला की गप्प बसेल.

वैनगंगा
तुमच्या टेस्टना दोन सेकंद लागत असतील. आमच्या सर्व्हरला उठायला दीड मिनिट लागतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

जुनापुराणा
'विचार'च ठेवा असं माझं मत, पण विचारल्यावर काय करायचं ते मुलांना दाखवा. तो प्रश्न येतो तेव्हा वाय आणि एन एवढंच नसतं. डी दाबलं की त्या फाइलमधला फरक समोर येतो, बघून मग ठरवा. उद्गारचिन्ह दाबलं की उरलेल्या सगळ्या सेव्ह. कंट्रोल-आर दाबलं की फाइलच बघता येते. मी वीस वर्षं वाय-एन करत होतो. डी आमच्या नातवाने दाखवलं. त्याला कोणी दाखवलं ते विचारायचं राहिलं.

प्राजक्ता_स
दुसऱ्या घोळावर माझं मत: ताजं करणं चालूच ठेवा, त्यात चर्चाच नको. त्या मुलीचा बफर स्वच्छ होता. पुल झाल्यावर तो गुपचूप नवा झाला असता तर दोनदा विचारायची वेळच आली नसती. प्रश्न विचारून चूक थांबवण्यापेक्षा प्रश्न पडू न देणं बरं. शिळ्या बफरमध्ये कोणाला तरी मुद्दाम लिहायचं असतं का?

रात्रपाळी
असतं. मी केलंय. ब्रँच बदलायची पण जुन्या ब्रँचमधली फाइल बफरमध्ये तशीच उघडी ठेवायची, कॉपी करायला. गरिबाचं स्टॅश (गिटची अर्धवट काम बाजूला ठेवायची सोय). ताजं करणं चालू असेल तर डोळ्यांदेखत जाते. अर्धाकप, तुमच्या गेलेल्या माणसाने बहुतेक म्हणूनच बंद केलं असेल.

मॅगिटने १.४ आवृत्तीत हे मुळात चालू केलं तेव्हा खूप लोक असेच दचकले होते. तेव्हा ती आवृत्ती सुरू होतानाच सूचनेची पाटी दाखवायची आणि 'मी वाचलं' अशी एक ओळ आपल्या सेटिंग्जमध्ये घालेपर्यंत जायची नाही. अजूनही लोकांच्या जुन्या फायलींत ती ओळ सापडते, घराच्या दारावर जुन्या भाडेकरूचं नाव राहतं तशी.

प्राजक्ता_स
ओके, आहे म्हणायचं असा माणूस. पण त्याने स्टॅश शिकावं. :P बाय द वे, व्हिममध्ये फाइल अशी ताजी झाली तरी यू दाबून मागे जाता येतं, फाइल दहा हजार ओळींच्या आत असली की. ही सोय ७.३ पासून आहे. रात्रपाळी, या आमच्याकडे.

रात्रपाळी
बाहेर पडता येत नाही म्हणे तिकडून.

प्राजक्ता_स
हा विनोद व्हिमइतकाच जुना आहे.

मिसळ_तर्री_कमी
इतकं सगळं वाचून एक व्यवहाराची गोष्ट: हार्ड रिसेटने गेलेलं काम दर वेळी गेलेलंच असतं असं नाही. गिट ॲड (कमिटसाठी फाइल निवडणं) एकदा जरी केलेलं असेल, कमिट नसलं तरी, तो मजकूर गिटच्या पोटात असतो. गिट एफएससीके लॉस्ट-फाउंड चालवा, नावाविना तुकडे मिळतात, त्यात शोधा. साधारण दोन आठवड्यांनी साफसफाईत जातात. माझं एक अख्खं मॉड्यूल असं परत आलंय, फाइलचं नाव चाळीस अक्षरी अगम्य, पण आत माझ्याच कॉमेंटमधल्या शिव्या बघून ओळखलं.

अर्धाकप
ठरवलं, म्हणजे सोमवारपासून असं करून बघतो:

ताजं करणं चालू. प्राजक्ता म्हणतात तसं, शिळा बफर राहूच नये. दर पाच सेकंदांचं ऑटोसेव्ह टीमच्या फाइलमध्ये नाही. ज्याला हवं त्याने स्वतःच्या फाइलमध्ये लावावं (शब्दपंगतचा किस्सा वाचून मगच). सेव्हला 'विचार'च, आणि पहिल्या दिवशी डी दाखवणार.

आणि एक नवीन, जे मला काल कागदपत्रं चाळताना सापडलं. मॅगिटमध्ये विप-मोड आहे, मुळात बंद असतो. चालू केला की दर सेव्हला आणि मॅगिटमधून काही बदलण्याआधी कामाची नोंद तो वेगळ्या जागी कमिट करून ठेवतो, तुमच्या ब्रँचला धक्का न लावता. म्हणजे रात्रपाळींची तिजोरी. तो चालू.

वैनगंगा
उत्तम. फक्त विप-मोड आणि पाच सेकंदांचं ऑटोसेव्ह कोणी एकत्र लावलं तर पाच-पाच सेकंदांना कमिट पडत राहतील. तेवढी एक टीप फाइलमध्ये लिहा.

सुपारीफोड
मी लावणार. नातवंडांना आजोबांचं प्रत्येक टायपो बघता आलं पाहिजे.

खिळेजुळारी
धागा वर आणतो, माफी असावी. तुमचं सगळं वाचून भाच्याकडून ईमॅक्स आणि ते गिट बसवून घेतलं. मराठी व्यवस्थित उमटतं. मॅटर त्यातच टाइप करायला लागलोय. आज दुपारी वीज गेली, आणि लॅपटॉप नेमका दुरुस्तीला, डेस्कटॉपवर होतो. यूपीएसची बॅटरी मेलेली. करंगळी नेमकी चहाच्या कपाला होती.

वीज आल्यावर फोल्डरमध्ये बघतो तर माझ्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची दुसरी फाइल, नावाच्या दोन्ही टोकांना हॅश. भाचा फोन उचलत नाही. हा कचरा आहे का? पुसू?

जुनापुराणा
पुसू नका!! ते ईमॅक्सचं जुनं, मूळचं ऑटोसेव्ह आहे. तुमच्या खऱ्या फाइलला हात न लावता ते शेजारी लिहितं, तीनशे वेळा कळ दाबली की, किंवा तुम्ही तीस सेकंद थांबलात की. मूळ फाइल उघडा, मग ऑल्ट-एक्स दाबा, रिकव्हर-धिस-फाइल लिहा, एंटर. विचारेल, यस म्हणा. या वेळी वाचून म्हणा.

खिळेजुळारी
दीड पान परत आलं. शेवटची ओळ 'प्रमुख पाहुण्यांचे स्वागत' इथवर आहे, पाहुण्यांचं नाव तेवढं परत टाइप करायचंय.

आता आधी कंट्रोल-एस करू ना?

जुनापुराणा
ईमॅक्समध्ये कंट्रोल-एस म्हणजे शोधा. कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस.

खिळेजुळारी
तरीच म्हटलं दोन दिवस खाली काहीतरी शोधतंय.